पेवात कंदील

हरिपुरात आमचे अण्णा पेवांवर होते.
हळदीची पोती जमिनीच्या पोटात उतरवायची,
वर पाचट, वर माती,
आणि मग दोन-दोन वर्षं तिकडे कुणी बघायचं नाही.
उघडायची वेळ आली की
आधी दोरीला बांधून कंदील सोडायचे.
विझला, तर माणूस उतरत नसे.
एवढंच त्यांनी मला शिकवलं,
तेही शिकवायचं म्हणून नव्हे.

मी मिरजेला नर्स झाले.
पुरुष वॉर्ड, रात्रपाळी, तेहतीस वर्षं.
स्टोअरला येशुदास आवळे,
कापसाचा हिशेब तिळाएवढ्या अक्षरात लिहिणारे.
साबणाच्या कंपनीचे चाळीस शेअर
त्यांनीच मला घ्यायला लावले.
म्हणाले, सिस्टर, भाव म्हणजे ताप.
चार-चार तासांनी बदलणार,
तक्त्यावर लिहायचा आणि विसरायचा.
तुम्ही नाडी बघा.
दरवर्षी देते का,
आणि गेल्या वर्षीपेक्षा चार आणे तरी जास्त देते का.

पहिलं वॉरंट आलं, अठ्ठ्याऐंशी रुपयांचं.
पोस्टमन म्हणाला, कसलं पत्र?
म्हटलं, चाळीस जणांना नोकरी लागलीय,
पगार माझ्याकडे येतो.

मग रंगवाले. मग औषधांची कंपनी,
जिच्या गोळ्या मीच वाटत होते पहाटे पाचला.
मग एक बँक, मग बेअरिंगवाले.
पाच-सहाच. घर पेलतील इतके खांब.
बाकीच्या खोल्या कधी बांधल्या, कधी पाडल्या,
खांबांना हात लावला नाही.
आलेला लाभांश पुन्हा त्यांच्याच पायाशी ओतला,
झाडाचा पाला झाडाच्या बुंध्यात घालावा तसा.

दर वेळी आधी कंदील :
कर्ज किती. हातात रोकड किती.
नफ्यातलं देतात, की उसनं आणून वाढतात.

एकदा नाही सोडला.
एक सूतवाली कंपनी होती, बारा टक्के सुटायचे,
सगळा वॉर्ड धावला, त्यात मी.
तीन वर्षं दिले. चौथ्या वर्षी साधं पत्रसुद्धा नाही.
तो कागद फाइलीत सगळ्यात वर ठेवलाय.

मधे टिपांचं पेव फुटलं.
भाचा सर्वेश म्हणाला, मावशी, तुझं हे
म्हातारीच्या चालीनं चाललंय,
माझे बघ, दीड महिन्यात दुप्पट.
दिवाळीला आला तेव्हा
मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.
चकल्या मात्र निम्म्या डब्यानं कमी झाल्या.

एकोणीसच्या पुरात कृष्णा माडीच्या पायरीला लागली.
अण्णांची पेवं आधीच्याच पुरात गेली होती,
त्यांच्यामागून अण्णाही.
माझी फाइल भिजली.
शेअर डिमॅटमध्ये, कोरडे,
तरी पाणी ओसरल्यावर जुन्या पावत्या
मी चिमटे लावून दोरीवर वाळत घातल्या.

त्याआधी, शाळेतल्या छावणीत,
खिचडीच्या रांगेत ताट हातात असताना फोन वाजला :
रंगवाल्यांचे चार हजार दोनशे सात जमा.
तेवीस वर्षांत पहिल्यांदा
मी ते परत पेरले नाहीत.
आम्ही अकरा जणी तिथं अनवाणी होतो.
चपलांचं दुकान उघडलं त्या दिवशी
अकरा जोड घेतले. घासाघीस केली, ती केलीच.

आवळे गेले त्या वर्षी
त्यांच्या मुलांनी सगळं एका सकाळीत विकलं.
त्याच सकाळी मी साबणवाले चौदा घेतले.
बाजारात शेअरला चेहरा नसतो, ठाऊक आहे मला.
तरी वाटतं,
त्यातला एखादा त्यांचा असेल.

यंदा जुलैत मेसेज आला.
शेअरमागे चार आणे जास्त.
वहीत लिहिलं, तिळाएवढ्या अक्षरात,
आणि वरणाला फोडणी दिली.
हळद जरा जास्तच पडली.